लायब्ररी सोपवायची आहे? पब्लिशची किल्ली सगळ्यात शेवटी द्या

तुम्ही लिहिलेली ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, दहा-बारा वर्षांची झाली आहे, इश्यूंचा (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांचा) आकडा तीन अंकी झाला आहे आणि तुमच्या रोजच्या कामात ती आता लागतही नाही. अशा वेळी बरेच जण काहीच न करता गप्प बसतात. काही जण ‘मी सांभाळतो’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला ओनर करून मोकळे होतात, आणि हा दुसरा मार्ग जास्त महागात पडतो. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचं २०१८ मध्ये असंच झालं. मूळ लेखकाचं त्यातलं लक्ष संपलं होतं. एकाने ईमेल करून तयारी दाखवली आणि त्याला हक्क मिळाले. सप्टेंबरमध्ये ३.३.६ या आवृत्तीत फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची एक छोटी डिपेंडन्सी, म्हणजे सोबत आपोआप उतरणारं दुसरं पॅकेज, आली. सुरुवातीला ती निरुपद्रवी होती. पुढच्या महिन्यात तिच्यात कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड आला, आणि तो उघडा पडला नोव्हेंबरमध्ये.

कोड तर आधीपासूनच सगळ्यांचा आहे, फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) कोणीही करतं. तुमच्या हातात खरी ऐवजाची वस्तू एकच आहे: ते नाव टाइप केलं की तुमची फाइल शेकडो लोकांच्या मशीनवर कोणालाही न विचारता उतरते, तो हक्क. खालचा सगळा क्रम त्याच एका गोष्टीभोवती लावलेला आहे. उदाहरणासाठी पायथनमधली, मजकूर साफ करून त्याचा वेबपत्त्यात चालेल असा तुकडा करणारी लायब्ररी धरली आहे. कोड गिटहबवरच्या रेपोत (कोडच्या साठ्यात), पॅकेज पायपीआय या पायथनच्या भांडारात. इतर ठिकाणचे फरक जागोजागी दिले आहेत.

आधी किल्ल्या मोजा

एक कागद घ्या आणि लायब्ररीच्या नावाने जिथे जिथे लॉगिन होतं ती प्रत्येक जागा लिहा. डोक्यातून लिहिलेली यादी नेहमी अपुरी निघते, म्हणून पासवर्ड मॅनेजरमध्ये लायब्ररीचं नाव शोधा आणि ईमेलमध्ये ‘रिन्यूअल’ शोधा. साधारण हे सापडतं:

- गिटहब रेपो, आणि त्याच्या सेटिंगमधली सीक्रेट्स, वेबहूक, डिप्लॉय की
- पायपीआय, आणि वेगळं खातं लागणारं टेस्ट-पायपीआय
- रीड द डॉक्स ही दस्तऐवजांची साइट. इथले मेंटेनर गिटहबपेक्षा स्वतंत्र असतात, हे हमखास विसरलं जातं.
- डोमेन आणि त्याचं डीएनएस
- सुरक्षेच्या तक्रारी येतात तो ईमेल पत्ता
- कोंडा-फोर्ज या दुसऱ्या पॅकेज-भांडारातली रेसिपी (बांधणीची कृती). तिच्या मेंटेनरांची नावं रेसिपीच्याच फाइलमध्ये असतात.
- देणगीची खाती, डॉकर हब, चॅट ग्रुप, भाषांतराची साइट, जे असेल ते

प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: आज ओनर कोण, दुसरा ओनर घालता येतो का, आणि खातं कोणत्या ईमेलला बांधलं आहे. तिसरा रकाना अजिबात सोडू नका. पायपीआयवरचं सीटीएक्स हे पॅकेज २०१४ पासून हललं नव्हतं. त्याच्या लेखकाच्या ईमेलचं डोमेन संपलं, मे २०२२ मध्ये भलत्याच माणसाने ते विकत घेतलं, पासवर्ड रीसेटचा ईमेल स्वतःकडे मागवला आणि आत शिरला. मग पॅकेजमधून लोकांच्या मशीनवरच्या गुप्त की बाहेर जाऊ लागल्या. कोड फोडायची गरजच पडली नाही. तुमचं खातं जुन्या कंपनीच्या किंवा जुन्या स्टार्टअपच्या डोमेनवर असेल, तर पुढचं वाचण्याआधी तो पत्ता बदलून या.

दुसऱ्याच्या मशीनवर रिलीज निघतो का?

जुन्या लायब्ररीची रिलीज करायची रीत बहुतेकदा कागदावर नसते, एका लॅपटॉपवर असते. टोकन होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये, आवृत्तीचा आकडा दोन ठिकाणी हाताने बदलायचा, आणि एखादी डेटा फाइल गिटमध्ये कधी गेलेलीच नाही, पण पॅकेजमध्ये मात्र दरवेळी जाते. हे शोधायचा एकच खात्रीचा उपाय आहे. रिकाम्या मशीनवर रेपो क्लोन करा, पॅकेज बांधा आणि पायपीआयवर आज असलेल्या पॅकेजशी फाइलीगणिक ताडून बघा. फरक निघाला तर आधी तो मिटवा.

मग बांधणी लॅपटॉपवरून काढून गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये न्या, म्हणजे गिटहबच्याच मशीनवर: नव्या आवृत्तीचा टॅग (खूण) ढकलला की पॅकेज तिथेच बांधलं जाईल आणि तिथूनच चढेल. हे नुसत्या सोयीसाठी नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं गेलं. ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्टची ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त मेंटेनरने हाताने बांधून चढवलेल्या टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) होती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका इंजिनिअरच्या खोदकामातून २९ मार्च २०२४ ला ते बाहेर आलं.

पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे. त्यात कायमचं टोकन कुठेच ठेवावं लागत नाही. अमुक खात्यातला, अमुक रेपोमधला, अमुक नावाचा वर्कफ्लो आला तरच पायपीआय त्याला पंधरा मिनिटांचं टोकन देतं. जोडीला गिटहबमध्ये ‘पायपीआय’ नावाचं एन्व्हायर्नमेंट करा, त्याला रिव्ह्युअर लावा आणि स्वतःच स्वतःच्या रिलीजला मंजुरी देण्याची मुभा बंद करा. या वाटेने आता कोणी एकटा सहज रिलीज काढू शकत नाही. नवा माणूस कितीही भला असला तरी हे करा. उद्या त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर हीच अडसर कामी येते.

‘असं का’ ही फाइल

नव्या माणसाला कोड वाचता येतो, पण विचित्र दिसणारी ओळ तशी का लिहिली ते कोडमध्ये कुठेच नसतं. आपल्या उदाहरणातल्या लायब्ररीत न दिसणारी कॅरेक्टर काढून टाकणारा एक रेजेक्स (अक्षरं शोधायचा साचा) आहे, आणि त्यातून २००डी हे एकच कॅरेक्टर वगळलेलं आहे. बाकी सगळी अदृश्य कॅरेक्टर उडवायची आणि हीच का ठेवायची? साफसफाई करणारा कोणीही हा अपवाद पहिल्या आठवड्यात काढेल, आणि इंग्रजीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या राहतील. २००डी म्हणजे झिरो-विड्थ जॉइनर. काही कीबोर्ड ‘दऱ्या’ हा शब्द र, हलन्त आणि हे कॅरेक्टर असा लिहितात. ते काढलं की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. म्हणजे समुद्र.

अशा जागा लायब्ररीत पंधरा-वीस असतात. प्रत्येकीसाठी तीन ओळी पुरतात: काय केलं आहे, कशामुळे, आणि काढलं तर कोणाचं मोडेल. जमेल तिथे त्याची टेस्टच लिहा, कारण फाइल कोणी वाचेलच असं नाही. ज्या मागण्या तुम्ही वर्षानुवर्षं नाकारल्या त्याही कारणासकट लिहा. नव्या मेंटेनरकडे त्याच मागण्या पहिल्या महिन्यात पुन्हा येतात, ‘आता तरी घ्या’ म्हणून.

इश्यूंच्या ढिगाबद्दल एवढंच: जुने इश्यू बॉट लावून सरसकट बंद करू नका. त्यात चार-पाच खरे बग दडलेले असतात आणि ते नोंदवणारी माणसं दुखावतात. एका बैठकीत चाळा, आजच्या आवृत्तीवर पुन्हा घडवता येणाऱ्यांना एक लेबल लावा, बाकीच्यांना सध्या हात लावू नका.

माणूस कुठे शोधायचा

रीडमीमध्ये ‘मेंटेनर हवा’ असं लिहून वाट बघण्यात काही चूक नाही, पण त्याने फारसं कोणी येत नाही. स्वतः विचारा. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या दोन-तीन पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव) मर्ज झाल्या, जे दुसऱ्यांच्या इश्यूंना उत्तरं देतात, डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांत तुमचं पॅकेज बांधतात, किंवा ज्यांचं उत्पादन तुमच्या लायब्ररीवर उभं आहे. शेवटच्या गटाला तर हे काम ऑफिसच्या वेळेत करता येतं. डेबियनमध्ये या सगळ्याला ठरलेल्या खुणाच आहेत: मदत हवी असेल तर आरएफएच, दत्तक द्यायचं असेल तर आरएफए, पूर्ण सोडलं असेल तर नुसतं ओ. तुमच्या सूचनेतही यातलं नेमकं काय हवं ते स्पष्ट लिहा. ‘मदत हवी’ वाचून आलेल्याच्या गळ्यात अख्खा संसार मारला की तो दोन महिन्यांत गायब होतो.

दोन प्रकारच्या माणसांपासून लांब राहा. पहिला, डाउनलोडच्या आकड्यावर भाव लावून पॅकेज विकत मागणारा. क्रोमचं द ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेन्शन २०२० मध्ये अनोळखी खरेदीदाराकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. दुसरा, घाई करणारा. एक्सझेडच्या बाबतीत २०२२ मध्ये काही खाती थकलेल्या मेंटेनरला सतत टोमणे मारत होती: पॅच पडून आहेत, तुमच्याने होत नाही, दुसऱ्याला द्या. ‘दुसरा’ तयारच होता. त्याने आधी आणि नंतर मिळून दोन वर्षांहून जास्त चांगलं काम केलं होतं, हेही विसरू नका. त्यामुळे नुसतं जुनं काम बघून भागत नाही, आणि ओळखपत्र मागून तर काहीच साधत नाही. एकाऐवजी दोन माणसं घ्या, शक्यतो एकमेकांशी संबंध नसलेली, आणि दोघांच्या संमतीशिवाय मुख्य ब्रँचवर काही जाणार नाही अशी व्यवस्था ठेवा.

पारखायचं असेल तर नवा कोड लिहायला सांगू नका. दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट तपासायला द्या. मेंटेनरचं निम्मं काम नाही म्हणण्याचं असतं, आणि सौजन्याने, कारण देऊन नाही म्हणता येतं का ते चार रिव्ह्यूंत कळतं.

हक्क कोणत्या क्रमाने

सहा महिने धरा. पहिले दोन महिने फक्त ट्रायाज: इश्यूंना लेबल लावणं, बंद करणं. गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये एवढ्यासाठी वेगळी भूमिका मिळते. वैयक्तिक खात्यातल्या रेपोत ती सोय नाही. पुढचे दोन महिने मर्जचा हक्क, पण तुमच्या रिव्ह्यूसह. मग एक रिलीज तुम्ही करा आणि त्याने बघावं. पुढचा त्याने करावा आणि तुम्ही बघावं, तोंड न उघडता. तो जिथे अडेल ती ओळ रिलीजच्या सूचनांत कमी आहे.

त्या रिलीजला ‘आरसी१’ (चाचणीच्या आवृत्तीची खूण) जोडा. पायथनची पॅकेजं बसवणारा पिप अशी आवृत्ती मागितल्याशिवाय घेत नाही, त्यामुळे चूक झाली तरी कोणाचं काही मोडत नाही. एक बंधन नव्या माणसाला आधीच सांगा: पायपीआयवर एकदा चढलेलं फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, डिलीट केलं तरीही. २.४.० बिघडलं तर ती आवृत्ती यँक करायची (नव्याने बसवणाऱ्यांना मिळू द्यायची नाही) आणि २.४.१ काढायची, तेच नाव पुन्हा चढवायच्या खटपटीत तास घालवू नयेत.

यानंतर पायपीआयवर आधी ‘मेंटेनर’ ही भूमिका द्या. तिच्यात फाइल चढवता येते, पण माणसं घालता-काढता येत नाहीत. ‘ओनर’ सगळ्यात शेवटी. स्वतःचा पासवर्ड कधीही देऊ नका. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर प्रत्येकाला टू-फॅक्टर सक्तीचं आहे, त्यामुळे सामायिक खातं तसंही टिकत नाही. एनपीएमवर असा टप्पा कमी आहे, तिथे ‘एनपीएम ओनर अ‍ॅड’ केलं की माणूस पब्लिशही करू शकतो आणि तुम्हाला काढूही शकतो, म्हणून ती कमांड अगदी शेवटच्या आठवड्यात. रस्ट भाषेच्या क्रेट्स डॉट आयओवर गिटहबची टीम ओनर करता येते. टीमला पब्लिश करता येतं, पण ओनर बदलता येत नाहीत. मधल्या काळासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे.

जावाच्या मेव्हन सेंट्रलवर पॅकेजचं नाव डोमेनला बांधलेलं असतं आणि सही सक्तीची असते. तुमची खासगी की देऊ नका. नव्या माणसाने स्वतःची बनवावी, आणि ‘यापुढे या कीची सही चालेल’ हे निवेदन तुम्ही जुन्या कीने सही करून प्रसिद्ध करावं.

रेपो हलवताना

नव्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात रेपो देण्यापेक्षा लायब्ररीच्या नावाची ऑर्गनायझेशन काढा आणि तीत दोन ओनर ठेवा. पुन्हा पाच वर्षांनी हाच प्रश्न येणार आहे.

ट्रान्सफरचं बटण दाबलं की इश्यू, पुल रिक्वेस्ट, स्टार, विकी सगळं जातं आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप वळवलं जातं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ज्याच्या खात्यात रेपो जातो आहे तिथे आधीपासून त्याचा फोर्क असेल तर गिटहब नकार देतं, आणि होऊ घातलेल्या मेंटेनरकडे फोर्क असतोच. तो पुसण्याआधी त्यातून आलेल्या उघड्या पुल रिक्वेस्ट मर्ज करा किंवा बंद करा. वैयक्तिक खात्यात देत असाल तर समोरच्याने एका दिवसात स्वीकारावं लागतं, नाहीतर विनंती रद्द होते. म्हणून तुमच्याकडे मध्यरात्र आणि त्याच्याकडे शुक्रवार संध्याकाळ, अशी वेळ निवडू नका.

ट्रान्सफरच्या आधी पायपीआयवर नव्या पत्त्याचा ट्रस्टेड पब्लिशर घाला, झाल्यावर जुना काढा. हे राहिलं तर पुढचा रिलीज ऐन वेळी नाकारला जातो, कारण रेपोचा मालक बदललेला असतो. गिटहब पेजेसवरचे दस्तऐवज मात्र नव्या पत्त्यावर वळत नाहीत. सीक्रेट्स आणि डिप्लॉय की रेपोबरोबरच जातात, त्यामुळे तुमच्या नावाचं जुनं टोकन त्यात राहिलं असेल तर ते आधी रद्द करा. आणि जुन्या पत्त्यावर त्याच नावाचा रेपो किंवा फोर्क पुन्हा कधीच तयार करू नका. तयार केला की वळण कायमचं तुटतं.

गो या भाषेत हे आणखी नाजूक आहे. इम्पोर्टचा पत्ता म्हणजे सहसा रेपोचाच पत्ता, त्यामुळे मॉड्यूलच्या फाइलमधलं नाव बदललं की जुन्या नावाने मागणाऱ्यांची बांधणी तुटते. नाव तसंच ठेवा, किंवा पुढच्या मोठ्या आवृत्तीलाच बदला.

वहिवाट आणि सातबारा

मेंटेनर बदलला म्हणून कॉपीराइट बदलत नाही. वहिवाट नव्या माणसाची, पण सातबाऱ्यावरची जुनी नावं तशीच राहतात: तुमचं, आणि ज्याचा ज्याचा पॅच आत आहे त्याचं. एमआयटी लायसन्समधली तुमची ओळ काढायची नसते, तिच्याखाली नवी जोडायची असते. लायसन्सच बदलायचं असेल तर त्या सगळ्यांची संमती लागते. लायब्ररी नोकरीत असताना लिहिली असेल आणि फाइलीच्या माथ्यावर कंपनीचं नाव असेल, तर तिथून लेखी होकार आल्याशिवाय रेपो हलवू नका.

पहिला रिलीज आणि तुमचं बाहेर पडणं

नव्या मेंटेनरच्या पहिल्या रिलीजमध्ये फक्त पत्ते, नावं आणि चेंजलॉगमधली घोषणा असावी. एकही फीचर नको, नवी डिपेंडन्सी तर नकोच. हात बदलल्यावर काळजी घेणारे वापरकर्ते दोन आवृत्त्यांतला फरक बघतात, आणि तो एका स्क्रीनवर मावला पाहिजे. घोषणेत कोण आलं, कधीपासून, आणि सुरक्षेची तक्रार आता कुठे करायची हे लिहा. लिनक्स वितरणांच्या पॅकेजरांना वेगळा ईमेल करा. कोणी खासगीत कळवलेली, अजून न सुटलेली सुरक्षेची त्रुटी असेल तर ती कळवणाऱ्याला विचारून मगच पुढे द्या.

त्यानंतर तीन महिने ओनर म्हणून थांबा आणि मग खरोखर निघा: टोकन रद्द, पायपीआयवरून नाव कमी, ऑर्गनायझेशनमधून बाहेर. आठवण म्हणून ठेवलेलं, कोणी न वापरणारं ओनर खातं हे सीटीएक्ससारख्या चोरीला उघडं दार आहे. डोमेन द्यायचं असेल तर नूतनीकरणाचं कार्डही त्यांचंच लागलं आहे ना, ते स्वतः बघा.

हे सगळं व्हायच्या आतच तुम्हाला काही झालं तर? गिटहबच्या सेटिंगमध्ये वारसदार नेमता येतो. मृत्यूचा दाखला दिल्यावर सात दिवसांनी किंवा निधनवार्ता दिल्यावर एकवीस दिवसांनी त्याला सार्वजनिक रेपो सांभाळता येतात. पायपीआयवर असं काही नेमता येत नाही. तिथे तुमच्याशी सहा आठवड्यांत किमान तीनदा संपर्काचा प्रयत्न झाल्यावरच नाव दुसऱ्याला देण्याचा विचार होतो. दुसरा ओनर आजच घालून ठेवणं त्यापेक्षा सोपं.

कोणीच मिळालं नाही तर

तर बंद करा, आणि तसं लिहा. अनोळखी माणसाला देण्यापेक्षा हे कधीही बरं. शेवटचा रिलीज काढा, वर्गीकरणात ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ लावा, रीडमीच्या पहिल्या ओळीत पर्याय सुचवा, मग गिटहबवर रेपो आणि पायपीआयवर प्रोजेक्ट आर्काइव्ह करा. एनपीएमवर यासाठी डेप्रिकेट आहे: इन्स्टॉल करणाऱ्याला सूचना दिसते, पण काही मोडत नाही.

शेवटच्या रिलीजमध्ये ‘पायथन ३.१३ च्या खालीच चालेल’ अशी मर्यादा घालायचा मोह होतो. घालू नका. नव्या पायथनवरचा पिप ती आवृत्ती सोडून मागे जातो आणि मर्यादा नसलेली एखादी पुराणी आवृत्ती गपचूप बसवतो. लोकांना इशारा मिळायच्या ऐवजी जुने बग मिळतात.

आणि डिलीट तर नकोच. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड एनपीएमवरून काढलं गेलं तेव्हा जगभरातल्या बांधण्या तासन्‌तास अडल्या होत्या. पायपीआयवर डिलीट केलं की नाव मोकळं होतं आणि दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. तुमची लायब्ररी अजून ज्यांच्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आवृत्तीच्या आकड्याशिवाय पडून आहे, त्यांच्याकडे मग त्या नव्या माणसाचा कोड उतरतो.